वही कोणाच्या ताब्यात?

गेल्या वर्षी पालीत आम्ही अकरावी-बारावीच्या मुलांसाठी अभ्यासवर्ग सुरू केला. नावनोंदणी मोबाईलवर ठेवली. फॉर्म उघडायला आधी एका मोठ्या कंपनीच्या खात्यातून आत जावे लागे. आमच्यापैकी कोणालाच त्यात वावगे वाटले नाही.

मग सुधागडातल्या एका वाडीवरची अकरावीची मुलगी म्हणाली, "दादा, मी कागदावर नाव देते. त्यात माझं आडनाव, नंबर कुठं कुठं जाईल?"

"कुठं नाही जात गं," आम्ही म्हणालो. घरी आल्यावर कळले, की हे आम्ही कशाच्या बळावर म्हणालो ते आम्हालाच माहीत नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. करून आडनाव म्हणजे काय हे विसरलो, याची लाज वाटली. या देशात आडनाव म्हणजे अर्धा जातीचा दाखलाच.

एकाच खात्याने सगळी दारे उघडतात, ही सोय आहेच. खोट्या नावाने शिवीगाळ करणाऱ्यांना आळा बसतो, असेही सांगतात. पण जातीवरून शिव्या देणारे खऱ्या नावानिशी, फोटोसकट देतात, हा आपला रोजचा अनुभव. नाव झाकायची गरज त्यांना नाही, आपल्या पोरींना आहे.

२०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. फेसबुकच्या खात्यातून चालणारे ते ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतले होते. माहिती गेली असावी ती सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची, हे खुद्द फेसबुकने सांगितले. होकार मित्राने दिला, माहिती आपली गेली.

परवानगी दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, हे रायगडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो कार्यकर्ते ते पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. तळे तेच, पाणी तेच, कागद बदलला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. कंपन्यांच्या अटी म्हणजे असेच ठराव. करणारे ते, बदलणारेही तेच.

मग विश्वास ठेवायचाच नाही का? ठेवायचा, पण बांधून घेऊन. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेब बहुसंख्याकांच्या भलेपणावर विसंबले नाहीत, त्यांनी घटनेत लेखी संरक्षण मागितले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. २०२३ च्या कायद्याने दिलेली संमती परत घेण्याचा अधिकारही दिला. पण त्याच कायद्यात सरकारला मोठ्या सवलती आहेत. तेव्हा हक्क कागदावर आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

यंदा आम्ही वही घातली. नाव, इयत्ता, एवढेच. आडनाव लिहायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. वर्ग संपला की पाने मुलांसमोर फाडायची. वही त्याच मुलीकडे दिली आहे, ती आता बारावीत आहे.

मित्रांनो, तुमच्या शाखेची, मंडळाची, मोर्चाला आलेल्यांची यादी आज कोणाच्या खात्यात पडून आहे? पुढची बैठक बोलावण्याआधी एवढे तपासा.

जय भीम!