पनवेलच्या माथ्यावरची वाट

मुंबईहून पुण्याला, कोकणात किंवा गोव्याला निघालेल्या माणसाला पनवेल लागते. तो पनवेलला जात नाही. एस. टी.च्या खिडकीतून डोकावून "पनवेल आले वाटते" असे म्हणायचे, घोटभर चहा घ्यायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे, एवढीच बहुतेकांची या गावाशी ओळख. पण वाटेवरच्या गावाचे नशीब वाटेबरोबर फिरते, आणि पनवेलने अशा वाटा एक-दोन नव्हे, चांगल्या चार-पाच पाहिल्या.

एके काळी ही वाट पाण्याची होती. मुंबईचे पडाव भरतीबरोबर खाडीत शिरून पनवेलच्या बंदराला लागत आणि उतारू पुढे बोरघाट चढून पुण्याला जात. १८३० साली घाटातला गाडीरस्ता खुला झाला तसे गाव भरभराटीला आले; येथली नगरपालिका १८५२ सालची आहे! पुढे १८६३ साली आगगाडी कर्जतवरून घाट चढली आणि पुण्याचे उतारू पनवेलला विसरले. मोटारींनी गावाला पुन्हा जाग आणली. मग कोकण रेल्वेच्या गाड्या येथे थांबू लागल्या आणि कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग निघाला. आता वाट माथ्यावरूनच गेली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, ऐन नाताळात, तेथून उतारूंची विमाने सुरू झाली.

या नव्या वाटेचे एक वैशिष्ट्य असे, की ती एका जागी ठरत नाही. नवीन पनवेलच्या एका परिचितांच्या घरी मध्यंतरी जाणे झाले. चहाचा कप पुढे करीत काकू म्हणाल्या, "अहो, सकाळी पाहावे तर विमाने पलीकडून उतरतात, आणि दुपारी जरा डोळा लागावा तर आमच्या गच्चीवरून! जागा घेताना तर सांगितले होते, इकडून विमाने जाणार नाहीत म्हणून."

"कोणी सांगितले होते?" मी विचारले.

"जागा विकणाऱ्यांनीच, दुसरे कोण!" काका वर्तमानपत्रामागून उद्गारले.

काकूंचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आयुष्यभराची पुंजी घालून माणूस घर घेतो. त्याच्यावरून विमाने जाणार की नाही, हे आज एक आणि उद्या एक असे का असावे?

याचे पहिले उत्तर वारा हे आहे. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोरालाही ठाऊक असते, की पतंग वर चढवायचा तर वारा समोरून यावा लागतो. विमानाचेही तसेच. त्याला तोलून धरते ती पंखांवरून वाहणारी हवा. समजा, उतरताना विमानाला हवेत ताशी २५० किलोमीटरचा वेग हवा आहे. समोरून ३० किलोमीटरचा वारा असला तर जमिनीच्या हिशोबाने ते २२० च्या वेगाने टेकते; तोच वारा पाठीमागून असला तर २८०! एवढ्या वेगात टेकलेले विमान थांबवायला धावपट्टीही तेवढीच लांब लागेल. म्हणून शक्य तोवर विमाने वाऱ्याला तोंड देऊन चढतात आणि उतरतात.

पनवेलजवळची धावपट्टी ३,७०० मीटर लांब असून साधारण पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन टोकांना ०८ आणि २६ असे आकडे आहेत. होकायंत्रावरच्या अंशांतले शेवटचे शून्य काढले की हे आकडे मिळतात: ८० अंश म्हणजे जवळजवळ पूर्व, २६० म्हणजे जवळजवळ पश्चिम. पट्टी एकच, पण वाऱ्याप्रमाणे ती दोन्हीकडून वापरायची.

आता शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. हिवाळ्यात पहाटे जमीन गार असते, तेव्हा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो पुरेसा जोराचा असला, तर विमाने उरणच्या बाजूने येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरतात. दुपारी जमीन तापते, समुद्रावरचा खारा वारा आत घुसतो आणि सगळा डाव उलटतो. मग विमाने पनवेलच्या अंगाने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरू लागतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा ठाण मांडून बसतो, तेव्हा बहुतेक दिवसभर हाच क्रम. काकूंची दुपारची झोप मोडली ती खाऱ्या वाऱ्याने. हेच वारे पाहून त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या काळी खाडीतले तांडेल शीड फिरवीत असत.

उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येते. धावपट्टीपासून दहा किलोमीटरवर ते सुमारे सव्वापाचशे मीटर उंच असते, आणि पाच किलोमीटरवर अवघे दोनशे साठ. शेवटच्या टप्प्यात ही रेघ सरळच असावी लागते; तेथे कोणाच्या गच्चीला वळसा घालण्याची सोय नाही. म्हणून तर आसपास इमारत किती उंच बांधायची, याला विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो.

वारा सोडला तरी कारणे उरतातच. पनवेलच्या पूर्वेला माथेरान आणि प्रबळगड, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. या डोंगरांचा मान राखूनच प्रत्येक दिशेची किमान उंची ठरवावी लागते. मे महिन्यात वळवाचा ढग आडवा आला, की वैमानिक परवानगी मागून त्याला वळसा घालतो. पुढचे विमान धावपट्टीवरून वेळेत बाजूला झाले नाही, तर मागचे पुन्हा वर उचलून भलत्याच मोहल्ल्यावरून फेरी मारून येते.

शिवाय शेजार आहे सांताक्रूझचा. दोन विमानतळांत सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर. ताशी चारशेच्या वेगाने ते चार मिनिटांच्या आत संपते. एका आकाशात दोन संसार थाटायचे म्हणजे एकाची वाट वर, एकाची खाली, असे सारखे जमवून घ्यावे लागते. सांताक्रूझला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकदम उपयोग करता येत नाही. मुख्य पट्टी बंद पडली, की विमाने दुसरीकडे वळतात आणि एरवी निवांत असणारे चेंबूरकर दचकून वर पाहतात. जुलै २०१९ मध्ये मुसळधार पावसात एक विमान मुख्य पट्टीच्या पुढे घसरून अडकले, तेव्हा काही दिवस असेच झाले होते.

पावसापुढे वाट सोडण्याची ही रीत आपल्या विमानांच्या जन्मापासूनची आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. पण पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत टपालाच्या विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. तेव्हा नुसती वाट नव्हे, अख्खा तळच बदले!

तर काकूंना दिलेले वचन मुळात कोणी देण्याजोगेच नव्हते. पण म्हणून त्यांनी गप्प बसावे, असे नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दोन समांतर धावपट्ट्या आहेत. पश्चिमेचा वारा असला, की विमाने शहरावरून येऊन उतरतात. दुपारी तीन वाजता उतरण्याची पट्टी बदलतात, म्हणजे एका वस्तीला सकाळी, तर दुसरीला दुपारनंतर विसावा मिळतो. कोणत्या आठवड्यात कोणाची पाळी, हे आधीच जाहीर होते. वारा कोणाचे ऐकत नाही, पण त्रास वाटून घेणे माणसाच्या हातात आहे. आपल्याकडेही आराखड्यात दुसरी समांतर धावपट्टी आहे. अशी पाळी येथेही लावता येईल का, आणि रोज कोणत्या बाजूने विमाने उतरणार हे लोकांना आधी कळेल का, हे विचारण्याचा पनवेलकरांना पूर्ण हक्क आहे.

हे विचारताना आणखी काही माणसे ध्यानात असू द्यावीत. विमानतळाच्या जागी पूर्वी भातशेती होती, खाजण होते, गावे होती. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे ही त्यांतली काही नावे. सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट केली. उलवे नदीचे पात्र वळवले. गावकऱ्यांना जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचे ठरले, पण तेही फुकट पदरात पडलेले नाही. नवी मुंबई वसवताना जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांचा बळी गेला. विकसित जमिनीतला वाटा परत देण्याचे तत्त्व त्यातून पुढे आले. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे, ही मागणी त्याच आठवणीतून उठली.

विमानाची वाट वारा फिरला की संध्याकाळपर्यंत पूर्वपदावर येते. नदीची आणि गावांची बदललेली वाट तशी परत यायची नाही. आपण खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून धडपडतो, आणि पट्टा आवळून ज्या धावपट्टीवरून उडतो, तिच्याखाली कोणाचे तरी अंगण आहे.

म्हणून पनवेलच्या बाजूला घर घेणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की जागा पाहायला एकदा पहाटे जा, एकदा दुपारी जा, आणि जमल्यास आषाढातही जा. विकणाऱ्याला विमानाविषयी विचारण्यापेक्षा गच्चीवर उभे राहून समोरच्या माडांच्या झावळ्या कोणीकडे झुकतात ते पाहा. त्या पूर्वेकडे झुकल्या असतील, तर वारा समुद्रावरून येतो आहे. मग थोडा वेळ थांबा आणि वर पाहा. ते सगळे पाहून-ऐकूनही घर आवडले, तर खुशाल बयाना द्या.