विसाव्या मिनिटाचा वेग

अंधेरी स्टेशनबाहेरचं छोटं दुकान असो, बोरिवलीतला एखादा गाळा असो की मुलुंडच्या मॉलमधलं शोरूम, काउंटरवरचा प्रश्न एकच : ‘यातला फास्ट कुठला?’ दुकानातल्या मुलाचं उत्तरही ठरलेलं. ‘हा घ्या साहेब, याचा अँटुटू दहा लाख आहे.’ गिऱ्हाईक मान डोलावतं आणि कार्ड पुढे करतं. दहा लाख कशाचे, कुणी मोजले, किती वेळ मोजले, हे कुणी विचारत नाही. ‘दोन फोनची तुलना कशी करावी, ते सोपं करून लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं. फोनची कामगिरी मोजणं हेच काम असलेल्या माणसाला या आकड्यापासूनच सुरुवात करणं भाग आहे.

वेग मोजणाऱ्या अँटुटूसारख्या चाचण्यांना बेंचमार्क म्हणतात. टोरांटोच्या प्रायमेट लॅब्ज या कंपनीचं गीकबेंच हे त्यातलं एक मातब्बर नाव. ते फोनकडून फाइल आकुंचित करणं, पीडीएफ उघडणं, नकाशावर रस्ता शोधणं, फोटोची पार्श्वभूमी धूसर करणं अशी कामं करून घेतं आणि दोन आकडे देतं : प्रोसेसरच्या एका कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागाचा, आणि सगळ्या कोअरचा मिळून. ॲप उघडताना बराचसा भार एखाद्या कोअरवरच पडतो, म्हणून रोजच्या वापरासाठी पहिला आकडा जास्त बोलका. ‘आठ कोअर म्हणजे चारच्या दुप्पट वेग’ ही समजूत किती वेळा खोडून काढावी, याला सुमार नाही.

आकडाही स्वयंभू नसतो. २०२३च्या फेब्रुवारीत आलेल्या गीकबेंच ६ने इंटेलच्या कोअर आय७-१२७०० या डेस्कटॉप प्रोसेसरला २५०० गुण धरले आणि बाकी सगळ्यांना त्या मापाने मोजलं. त्याआधीच्या गीकबेंच ५चं माप वेगळं : कोअर आय३-८१०० म्हणजे १०००. त्यामुळे पाचातले गुण सहाशेजारी मांडता येत नाहीत, आणि अँटुटूच्या लाखांचा या दोन्हींशी संबंध नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांत मात्र हे सगळे एका ओळीत बसवलेले असतात.

यापुढचं प्रकरण जरा लांबेल, पण ते टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. जुलै २०१३मध्ये ‘आनंदटेक’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने सॅमसंगचा गॅलक्सी एस४ तपासला. त्याच्या एक्सिनॉस चिपमधला ग्राफिक्सचा भाग गेम खेळताना ४८० मेगाहर्ट्झवर थांबत होता; ठरावीक बेंचमार्क सुरू केले की तोच ५३२वर जात होता. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चाचण्यांची नावं लिहिलेली सापडली, आणि सोबत शब्द सापडला ‘बेंचमार्क बूस्टर’. कंपनीने आरोप फेटाळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘आर्स टेक्निका’ या दुसऱ्या संकेतस्थळाने गॅलक्सी नोट ३वर गीकबेंचच दुसऱ्या नावाने चालवलं. फोनला चाचणी ओळखता आली नाही, गुण उतरले, आणि आधीचे गुण २० टक्क्यांपर्यंत फुगवलेले असल्याचं दिसलं. एस४वरून अमेरिकेत झालेल्या दाव्यात २०१९ साली तडजोड झाली. एकेका ग्राहकाला मिळू शकणारी रक्कम होती जास्तीत जास्त १० डॉलर.

तेवढ्यावर हे थांबलं नाही. २०१८मध्ये थ्रीडीमार्क हा बेंचमार्क बनवणाऱ्या यूएलने हुआवेचा पी२० प्रो आणि आणखी काही फोन आपल्या यादीतून काढले. २०२१मध्ये वनप्लस ९ प्रोवर उलट्या बाजूचा प्रकार दिसला : क्रोमसारख्या लोकप्रिय ॲपना लगाम, बेंचमार्कना मोकळं रान. मार्च २०२२मध्ये सॅमसंगच्या ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’बद्दल तेच उघड झालं, आणि गीकबेंचने एस१० ते एस२२ या मालिकांतले फोन यादीबाहेर केले. बॅटरी वाचावी, फोन तापू नये म्हणून वेग आवरणं हा शहाणपणाच आहे. तो बेंचमार्कलाही लागू केला असता तर आकडा लहान दिसला असता, पण खरा ठरला असता. चाचणी ओळखून वेगळं वागणारा फोन गिऱ्हाइकाला जो वेग दाखवतो, तो त्याला कधीच वापरायला मिळत नाही. मला या धंद्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

भारतीय गिऱ्हाइकाच्या वाट्याला आणखी एक घोळ येतो. २०२०मध्ये गॅलक्सी एस२० अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८६५ ही चिप घेऊन आला, भारतात एक्सिनॉस ९९० घेऊन. २०२४मध्येही भारतातल्या एस२४मध्ये एक्सिनॉस २४०० होती, तर एस२४ अल्ट्रामध्ये स्नॅपड्रॅगन. नाव तेच, खोकं तेच. अमेरिकन परीक्षण वाचून घाटकोपरला फोन घेणारा माणूस प्रत्यक्षात दुसऱ्याच चिपचे गुण वाचून निघालेला असतो.

या उन्हाळ्यात साकीनाक्याला डिलिव्हरी करणाऱ्या एका मुलाने दाखवलेला फोन अजून डोक्यातून जात नाही. हप्त्यावर घेतलेला, गुणांच्या यादीत वरच्या रांगेतला. दुपारी दोन वाजता हँडलवर लावलेला असताना त्याचा पडदा मंद झाला होता आणि नकाशा अडखळत होता. फोनमध्ये बिघाड काहीच नव्हता. ऊन, पूर्ण उजेडावरचा पडदा, चालू जीपीएस, मोबाइल डेटा आणि पॉवर बँकेवरचं चार्जिंग, एवढं एकत्र आलं की चिप तापते आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. ॲपल आयफोनसाठी ० ते ३५ अंश हवेचं तापमान योग्य सांगते. मे महिन्यात सांताक्रूझला सावलीतलंच कमाल तापमान तेहतिसाच्या घरात असतं; डांबरी रस्त्यावर, काळ्या काचेवर काय होत असेल ते सांगायला नको.

गीकबेंच दोन कामांमध्ये मुद्दाम विश्रांती देतं, म्हणजे तापल्याचा परिणाम गुणांवर कमीत कमी व्हावा. चिपची कुवत कळण्यासाठी ते बरोबरच आहे, पण त्या मुलाच्या दुपारबद्दल ते काही सांगत नाही. थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट एका मिनिटाची फेरी वीस वेळा चालवते आणि सर्वोत्तम फेरी, सर्वांत वाईट फेरी नि टिकाऊपणाची टक्केवारी देते. पहिल्या मिनिटाला अव्वल ठरलेला बारीक देखणा फोन विसाव्या मिनिटाला कमी किमतीच्या फोनमागे पडलेला तिथे दिसू शकतो.

उलट, फोनचा दोष नसताना त्याच्यावर खापर फुटतं तेही कमी नाही. संध्याकाळी घाटकोपरला मेट्रो आणि लोकलची गर्दी एकत्र होते, हजारो फोन त्याच टॉवरना लटकतात, आणि यूपीआयचं चक्र फिरत राहतं. यूपीआयचा व्यवहार दोन बँका आणि मधल्या यंत्रणेतून जातो. त्यात फोनच्या प्रोसेसरचं काम क्षणभराचं. तरी दुसऱ्या दिवशी माणूस नवा फोन बघायला निघतो. तिथे त्याला ‘८+८ जीबी रॅम’ दाखवतात. त्यातली दुसरी ८ म्हणजे रॅमचं काम करायला लावलेली स्टोरेज. एलपीडीडीआर४एक्स रॅम सेकंदाला ३४ जीबीपर्यंत माहिती हलवू शकते, यूएफएस २.२ स्टोरेज जेमतेम १ जीबी.

बेंचमार्क गिऱ्हाइकाच्या बाजूनेही उभा राहिला आहे. डिसेंबर २०१७मध्ये गीकबेंचच्या जॉन पूल यांनी आयफोन ६एस आणि ७चे गुण सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार मांडले. त्यातून जुन्या फोनचा वेग अपडेटनंतर घसरल्याचं दिसलं. काही दिवसांतच, बॅटरी जुनी झाली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग आवरतो, हे ॲपलने मान्य केलं, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९वर आणला. बाहेरच्या माणसाने चिकाटीने मोजल्यामुळे हे घडलं. असं मोजणारे कमी होत आहेत. ‘आनंदटेक’ ऑगस्ट २०२४मध्ये बंद झालं.

मग सरकारी मोजमापाचं काय? अंधेरीतच, मरोळच्या एमआयडीसीत, भारतीय मानक ब्यूरोचं ‘मानकालय’ हे कार्यालय आहे. भारतात विकायच्या फोनला ब्यूरोची नोंदणी लागते, पण ती सुरक्षिततेची. प्रारणासाठी शरीराच्या किलोमागे १.६ वॅटची मर्यादा आहे, भारतीय भाषांसाठी स्वतंत्र मानक आहे. वेग यात कुठेच बसत नाही. बाजारातल्या भाजीवाल्याच्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, लाखभराच्या फोनच्या आकड्याला मात्र कुणाचाच नाही. जून २०२५पासून युरोपात फोनवर बॅटरी, पडण्याचा मार आणि दुरुस्ती यांची माहिती देणारं लेबल आलं. त्यातही वेग नाही. भारताने तो धरावा : ३५ अंशांतल्या विसाव्या मिनिटाचा आकडा, स्टोरेजचा प्रकार आणि चिपचं पूर्ण नाव, तिन्ही खोक्यावर छापलेले.

ते होईपर्यंत दिवाळीत फोन घेणाऱ्यांनी निदान एवढं करावं. चिपचं पूर्ण नाव आणि भारतातलं मॉडेल जुळवावं, स्टोरेज ईएमएमसी (जुना, संथ प्रकार) की यूएफएस ते विचारावं, अधिकच्या रॅमला रॅम समजू नये. आणि परीक्षण वाचताना सर्वोत्तम फेरी सोडून सर्वांत वाईट फेरीच्या आकड्यांची तुलना करावी.