तीन मिनिटांचे चांदणे

छायाचित्रे काढण्याचा छंद आहे असे सांगितले, तर लोक कौतुकाने पाहतात. चांदण्यात छायाचित्रे काढतो असे सांगितले, की तेच लोक काळजीने पाहू लागतात. त्यांचेही चूक नाही. कोजागरीच्या रात्री सारे गाव आटीव दूध पीत बसलेले असता हर्णैच्या वाळूत तिपाई रोवून एकटाच उभा राहणारा माणूस संशयास्पद खराच. तिथल्या एका वृद्ध कोळ्याने मला विचारले, "काय हरवलंय का भाऊ?" चांदणे पकडतो आहे, असे म्हणण्याचे धैर्य मला होईना. "सुवर्णदुर्गाचा फोटो काढतोय," मी म्हणालो. "मग सकाळी या की! उजेडात चांगला येईल."

त्याचा सल्ला शास्त्राला धरून होता. आपण चंद्राला रुपेरी म्हणतो. पण तो मुळात काळसर दगड. अंगावर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम १२ टक्के तो परत पाठवतो. पौर्णिमेचे चांदणे उन्हापेक्षा सुमारे चार लक्ष पट फिके असते. दुपारी ज्या दृश्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग पुरतो, त्यालाच पौर्णिमेच्या रात्री तीन मिनिटांहून अधिक वेळ द्यावा लागतो. बरे, अर्ध्या चंद्राला याच्या दुप्पट वेळ पुरेल म्हणावे, तर तसेही नाही. अष्टमीच्या चंद्राचे तेज पौर्णिमेच्या दहाव्या हिश्श्याइतकेच असते. तेव्हा कॅमेऱ्याला पौर्णिमाच हवी.

या तीन मिनिटांत फार मौजेच्या गोष्टी घडतात. लाटा एकमेकींत मिसळून त्यांचे धुके होते. नांगरलेल्या होड्या डुलतात आणि चित्रात त्यांची भुते उतरतात. एखाद्या होडीवरचा दिवा गिरगिट्या काढतो. चांदण्या ठिपके न राहता लहान रेघा होतात. खुद्द चंद्राला चित्रात घ्यावे, तर तेवढ्या वेळात तो आपल्या व्यासाहून अधिक सरकतो आणि त्याचे पांढरे रताळे होते. म्हणून चांदण्याच्या चित्रात चंद्र नसतो. यजमानाला दाराबाहेर उभे करून त्याच्या घरचे कार्य साजरे करावे, तसा हा प्रकार.

कोकणात हे सहज साधते. समुद्र पश्चिमेला, चंद्र उगवणार दापोलीच्या बाजूच्या डोंगरांमागून. संध्याकाळी तो आपल्या पाठीशी असतो आणि समोर पाण्यातल्या किल्ल्याचा तट उजळतो. भरतीची वेळ काढायला कोकणातला हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची. चंद्र माथ्यावर चढत असतो आणि पाणी तिपाईच्या पायांशी येत असते. एका हाताने तिपाई उचलायची, दुसऱ्या हाताने भिंगावरचे दव पुसायचे. पहाटे पाणी दूर गेलेले असते आणि चंद्र समोर समुद्रात उतरतो.

त्या रात्रीचे एक चित्र मी पुण्याला अक्काकडे नेले. अक्का माझी थोरली बहीण. तिचे बालपण हर्णैत गेले. गुडघ्यांमुळे तिचे तिकडे जाणे बंद झाले आहे, आणि "येताना आपल्या हर्णैचं चांदणं घेऊन ये," हे तिचेच मागणे होते. तिने चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिले. निळे आकाश, हिरवे माड, पिवळी वाळू. "अरे, हे दुपारी काढलंस की काय? आणि दुपारी चांदण्या कुठून आल्या?"

कॅमेऱ्याने खोटे काही सांगितले नव्हते. चांदणे म्हणजे उसने ऊनच. माडाचा हिरवा रंग रात्रीही तिथे असतोच. तो दिसत नाही तो आपल्याला. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी काम थांबवतात आणि रंग न जाणणाऱ्या पेशी पाहू लागतात. त्यांना पुरते जागे व्हायला अर्धा तास लागतो. अक्काने लहानपणी जे पाहिले, ते तिच्या डोळ्यांनी जेवढे सोडून दिले त्यावरच उभे होते.

हे मर्म जुन्या लोकांना ठाऊक होते. फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे याने १८५६ साली समुद्रातल्या गलबताचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, ते पाहणाऱ्यांना चांदण्यातले वाटे; होते मात्र दिवसा काढलेले. आपल्या कृष्णधवल चित्रपटांतल्या नायक-नायिकांनी ज्या चांदण्यात गाणी म्हटली, ते पुष्कळदा दुपारचे ऊनच असे. भिंगापुढे लाल काच धरली, की आकाश काळे पडे. त्यांच्याजवळ चांदणे नव्हते, पण काय झाकायचे ते कळत होते. माझ्याजवळ अस्सल चांदणे होते, फक्त त्यात झाकलेले काही नव्हते.

मग मी त्याच चित्राची दुसरी प्रत केली. रंग जवळजवळ पुसून टाकले. माडांच्या बुंध्याशी काळोख राहू दिला. तटाची कड आणि पाण्यावरची एक फिकट पट्टी, एवढेच ठेवले. अक्का बराच वेळ बोलली नाही. मग चित्रातल्या त्या काळोखावर बोट ठेवून म्हणाली, "इथे विहीर होती बघ आपली." विहीर चित्रात नव्हती. दुपारच्या चित्रात ती नाही हे तिला लख्ख दिसले असते. काळोखाने मात्र तिला जागा करून दिली.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा अमावास्येची रात्र असेल आणि दारोदारी पणत्या असतील. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा. समुद्र जवळ नसला तरी चालेल. गच्चीवरचा दिवा मालवा, खिशातला फोनही खिशातच राहू द्या आणि अर्धा तास बसा. लहान मुले "काहीच दिसत नाही" म्हणतील. त्यांना थोडे थांबायला सांगा.