दादीसमोर बीअर

"फुफी, रविवारी सगळ्यांना घेऊन ये, जेवण माझ्याकडून," असा भाच्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखं मोहम्मद अली रोड असेल. पण त्याने पत्ता पाठवला लोअर परळचा, तोही जपानी रेस्टॉरंटचा. तो कंपनीच्या ट्रेनिंगसाठी आठ महिने ओसाकाला राहून आलाय. पहिल्या मोठ्या पगाराची दावत त्याला तसलीच द्यायची होती.

अम्मी, भाई, भाभी, मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी, असे आम्ही भायखळ्याहून टॅक्सीने निघालो. अम्मीला तो रस्ता पाठ आहे. आमचे चाचा तिथल्याच एका गिरणीत साचे चालवायचे. आता त्या आवारात काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. अम्मी खिडकीतून बघत राहिली, काही बोलली नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. टेबलाच्या मधोमध शेगडी बसवलेली असते, तिच्यावर जाळी. कच्च्या मांसाच्या पातळ फोडी आणून देतात आणि आपणच चिमट्याने भाजायच्या. याला याकिनिकु म्हणतात. जपानात हा प्रकार मुख्यतः गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर तो प्रश्नच मिटला, त्यामुळे आमच्या पुढ्यात कोंबडी, कोळंबी आणि कोकराचं मांस आलं. अम्मी म्हणाली, "एवढे पैसे घेऊन स्वयंपाक आपणच करायचा?" भाभी खूश होती. भांडी तरी घासायची नव्हती.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग वेटरने पेयांचं विचारलं. आम्ही लिंबू सरबत सांगितलं, आणि भाचा शांतपणे म्हणाला, "मला एक बीअर."

शेगडीचा आवाज ऐकू यावा इतकं सगळे गप्प झाले. भाईचा हात चिमट्यावरच राहिला. माझ्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मामूंकडे. भाचा म्हणाला, "अब्बा, मी तिकडे घेत होतो. इथेही कधी कधी घेतो. लपवून ठेवायचा कंटाळा आला."

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवते, त्यामुळे या विषयाशी माझा रोजचा संबंध. उर्दूच्या तासाला दर दुसऱ्या गझलेत शराब, साकी आणि मैखाना. मी मुलांना गंभीरपणे सांगते की ही शराब म्हणजे खरी शराब नव्हे, हे इश्क आहे, मारिफत आहे. रियाज खैराबादींचं (१८५३–१९३४) उदाहरण हमखास देते. मद्यावरच्या शायरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाने आयुष्यात थेंबालाही तोंड लावलं नाही, असं सांगतात. गालिब प्यायचे, ते मात्र घाईने सांगून पुढे जाते. मराठीच्या तासाला उलटं. तिथे गडकऱ्यांचं 'एकच प्याला' उभं असतं. १९१९ साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक सुरू होतं एका प्याल्यापासून आणि संपतं ते सुधाकर-सिंधूच्या संसाराची राख करून. एक भाषा न पिता गाते, दुसरी पिणाऱ्याकडे बघून रडते. पण आपल्याच घरचा पोरगा समोर बसून "मी घेतो" म्हणाला, तर काय म्हणायचं, हे दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत मला सापडलेलं नाही.

एक स्पष्ट करते. बीअरला 'जवाचं पाणी' म्हणून सोडून देणाऱ्यांतली मी नाही. कुरआनात आधी सांगितलं की यात फायदा थोडा आणि गुनाह मोठा, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका म्हटलं, आणि शेवटी सूरह माइदात पूर्ण मनाई आली. जे जास्त घेतल्याने नशा येते ते थोडंही हराम. माझ्या लेखी यात वाद नाही. सरकारच्या लेखीही तसा नसावा. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, तो आजही लागू आहे, आणि कागदोपत्री महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. म्हणजे परवाना निघेपर्यंत कायद्याने सगळेच थोडे मुसलमान! आमच्या वेटरने मात्र परवाना विचारला नाही. एकवीस पूर्ण झाली का, हेही नाही. भाच्याची दाढी बघून समजला असेल.

भाई उठला. ज्या दस्तरख्वानावर शराब फिरते तिथे ईमानवाल्याने बसू नये, अशा अर्थाची हदीस आहे, ती त्याला ठाऊक आहे आणि मलाही. मला वाटलं, आता टॅक्सी. पण भाईने आपली बशी उचलली आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर जाऊन बसला. हात लांब केला तर आमच्या मिठाची वाटी पोचेल इतक्या अंतरावर. भाभी गोंधळून मध्येच उभी राहिली. खरं सांगू, मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

अम्मी जागची हलली नाही. बीअर आली. तिने त्या ग्लासाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुझा छोटा दादा खाली पिऊन यायचा. जिन्यात बसायचा. आम्ही दार लावून घ्यायचो, शेजारी बघतील म्हणून."

आमच्या घरात चाचा काविळीने गेले. निदान मी तेच ऐकत मोठी झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. चाचा त्यांतलेच. मी तेव्हा इतकी लहान की त्यांचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. गुत्त्याचं नाव घरात कुणी काढलं नाही. अब्बा शेजाऱ्यांना सांगायचे, "त्याला मलेरिया आहे." दर दोन आठवड्यांनी मलेरिया! हे मला कळलं ते त्या टेबलावर, वयाच्या पंचेचाळिशीत.

"माझ्यासमोर कधी त्याने ग्लास धरला असता," अम्मी म्हणाली, "तर हातातून काढून तरी घेतला असता." मग तिने खरंच हात पुढे केला, ग्लास टेबलाच्या कडेला सरकवला आणि भाच्याच्या बशीत कोंबडीचे दोन तुकडे वाढले. "आधी खा."

त्याने खाल्लं. नंतर बीअरही घेतली, अर्ध्याहून जास्त. मी बघत होते. अम्मीही बघत होती.

मधेच भाईने पलीकडून हात करून वेटरला सॉस मागितला. तेवढ्यात भाचा ओरडला, "अब्बा, ते नका घेऊ!" त्या काळपट गोड सॉसला तारे म्हणतात. सोया सॉस आणि साखरेबरोबर त्यात मिरिन आणि साके घालतात. दोन्ही तांदळापासूनची, दोन्हींत अल्कोहोल. ज्याला तारे नको त्याने नुसतं मीठ मागायचं, त्याला शिओ म्हणतात. भाच्याने दोन दिवस आधी फोन करून सगळं ठरवलं होतं. कोंबडी आणि कोकराचं मांस हलाल दुकानातलंच आहे ना, आमची जाळी नवी, चिमटे वेगळे, सॉस नाही, मीठ आणि लिंबू. म्हणून तर आमच्या टेबलावर ती मिठाची वाटी होती.

भाईने सॉसची वाटी परत पाठवली. बोलला नाही काही. थोड्या वेळाने मुलाकडे न बघता मीठ मात्र मागितलं.

बिल भाच्याने दिलं. उठताना भाई म्हणाला, "त्या ग्लासाचे पैसे वेगळे लाव. आमच्या जेवणात नको." भाच्याने वेटरला दोन बिलं करायला सांगितली.

परतताना अम्मी टॅक्सीत म्हणाली, या जुमेरातला चाचांच्या नावाने फातिहा करू या. इतकी वर्षं फक्त अब्बांच्या नावाने व्हायची. मुलीने मला हळूच विचारलं, "मम्मी, दादाला गुनाह लागेल ना?" मी हो म्हटलं. "मग नानी त्याला का ओरडली नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

याला तीन आठवडे झाले. भाई मुलाशी कामापुरतंच बोलतो. काल रात्री भाच्याचा मेसेज आला: "फुफी, बिनमिरिनच्या तारेची रेसिपी मिळाली. सोया सॉस, गूळ आणि आलं. रविवारी घरी करू या का? अब्बांना तू विचार."

अजून विचारलेलं नाही.