माळ्यावरची जागल

झाडावर राहण्याची हौस माणसाला वानराकडून आली की पाखरांकडून, हे शास्त्रज्ञांनी ठरवावे. आमच्या घरात ती आली आमच्या कन्येकडून. २०२४ च्या एप्रिलातली गोष्ट. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढून मी नुकताच बसलो होतो, तोच तिने आपला फोन माझ्या नाकासमोर धरला. चित्रात तीन उंच झाडे होती आणि त्यांच्या मधोमध, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, एक त्रिकोणी तंबू कोळ्याच्या जाळ्यासारखा अधांतरी ताणलेला होता.

"बाबा, आपण असा घेऊ या?"

वस्तू मोठी गमतीची खरी. तीन झाडांना तीन पट्टे गुंडाळायचे आणि खटक्याच्या दांडीने करकचून आवळायचे, की तंबूची कापडी जमीन नवारीच्या खाटेसारखी ताठ होते. पट्टे रुंद असतात, म्हणजे झाडाची साल कापली जात नाही. खाली चिखल असो, दगड असोत की मुंग्यांचे वारूळ असो, वर निजणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही. सकाळी सोडला, गुंडाळला, की स्वारी पिशवीत. किंमत मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"तेवढ्यात घराला रंग होईल," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. मी आकडा उच्चारलाही नव्हता!

विषय तिथे मिटायचा. पण आम्हां मास्तर मंडळींना कशाचेही मूळ शोधण्याची खोड. झाडाला टांगायच्या तंबूची जी एक कूळकथा मला सापडली, ती सहलीची मुळीच नव्हती. इंग्लंडात १९९० नंतरच्या दशकात नव्या रस्त्यांसाठी राने तोडली जाऊ लागली, तेव्हा तिथली तरुण मंडळी झाडांवर चढून बसली. १९९६ साली न्यूबरी गावाच्या वळणरस्त्यापायी तर त्यांनी फांद्यांवर घरटी बांधली आणि भर थंडीत ती वसवली. त्यांना उतरवायला कसलेले गिर्यारोहक आणावे लागले. अशा राखणदारांना निवारा म्हणून द्रे वापेनार या डच कलावंताने खोडाला लटकवायचा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा तंबू रचला. पुढे हे तंबू हॉलंड-बेल्जममधल्या सहलीच्या तळांवर लागले आणि सुट्टीतली कुटुंबे त्यांत राहू लागली, हा काळाचा विनोद! तिकडे अमेरिकेत ज्यूलिया हिल नावाची तरुणी १० डिसेंबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या एका प्रचंड रेडवूड वृक्षावर चढली, ती १८ डिसेंबर १९९९ रोजी उतरली. ७३८ दिवस! सुमारे १८० फुटांवर फळ्यांची बैठक आणि वर ताडपत्री, एवढाच संसार. तिचे झाड वाचले. न्यूबरीचा रस्ता मात्र झाला.

हे वाचता वाचता मला एकदम मामांचा माळा आठवला आणि मी पुस्तक मिटून ठेवले.

माझे आजोळ अकोट तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. मामांच्या शेतात कडुनिंबाच्या दुबेळक्याचा आधार आणि समोर दोन बल्ल्या, अशावर दरसाल ज्वारी निसवली की माळा चढे आणि सुगी संपली की उतरे. वर तुराट्यांचा तट्ट्या, त्यावर कडबा, त्यावर पोते. दिवसा पाखरांसाठी गोफण, रात्री डुकरांसाठी रॉकेलचा रिकामा डबा आणि दांडके. वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणून मामा त्याला 'माया' म्हणत. ज्वारी राखायला मायेवर जायचे! व्याकरणाच्या तासाला हे उदाहरण मी अजून देतो; त्यापुढची गोष्ट सांगत नाही.

१९९१ ची दिवाळी. मी दहा वर्षांचा. लक्ष्मीपूजनाला मामांना घरी जाणे भाग होते. तेवढ्या वेळेपुरती जागल मी आणि चौदा वर्षांच्या मामेभावाने मागून घेतली. अमावास्येचा काळोख, गावाकडे पणत्यांची पुसट रांग. पहिली पाळी माझी. भाऊ झोपला. मी डबा मांडीवर घेऊन बसलो आणि, काय सांगावे, मीही झोपलो.

जाग आली ती उजाडताना. अंगावर मामांची घोंगडी होती. मामा खाली बांधावर उभे होते आणि ओढ्याकडची ज्वारी रोलर फिरवल्यासारखी आडवी झाली होती. डुकरे खातात थोडे, लोळवतात फार. मामा रात्री परतले तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्यांनी आम्हांला उठवलेसुद्धा नाही. आपल्या मुलाला सकाळी दोन शब्द ऐकवले. मला एक नाही. भाच्याला बोलू नये, असे आपल्याकडे आहे ना! भाऊबिजेला आई आली. दरवर्षी ओवाळणीत साडी असे, त्या वर्षी खण होता. आईने विचारले नाही, मीही सांगितले नाही.

असो. कन्येला म्हटले, "तंबू राहू दे. तुला मचाणावर नेतो."

वैशाखात रानातले पाणी आटते, जनावरे उरलेल्या पाणवठ्यांवर येतात आणि बुद्धपौर्णिमेला चांदणे रात्रभर पुरते. म्हणून वनखाते त्या रात्री मचाणांवरून प्राणी मोजत आले. आता वाघांची खरी मोजदाद आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे करतात, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. एकच सांबर दोनदा पाण्यावर आले तर मचाणावरच्या कारकुनाला ते काय कळणार? तरी नाव नोंदवून, शुल्क भरून ती रात्र तुम्हांआम्हांला बसता येते. तिला आता 'निसर्गानुभव' म्हणतात. आपला तंबू हव्या त्या झाडाला टांगायची सोय मात्र अभयारण्यात नाही, हेही कन्येला समजावले.

२३ मे २०२४ च्या संध्याकाळी नरनाळ्याच्या रानात एका मोहाच्या झाडावर आम्ही बाप-लेक आणि एक कोरकू वनमजूर असे तिघे चढून बसलो. भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणे नको. माझ्यासारख्या पन्नास मिनिटे बोलायची सवय असलेल्या माणसाला शेवटची अट जड गेली. सौ.ने दिलेल्या दशम्या आम्ही चोरासारख्या खाल्ल्या. साग निष्पर्ण, त्यामुळे चांदणे थेट जमिनीवर सांडत होते. आधी मोर आले, मग एक भेकर. पाय उचलून ते इतका वेळ थांबले, की माझ्याच पायाला मुंग्या आल्या. रातव्याचा चक्-चक् आवाज अखंड चालू होता. अकराच्या सुमारास अस्वल आले, पाणी प्याले आणि खाजगी कामाला निघाल्यासारखे निघून गेले. वाघ आला नाही. साडेबाराला तंबूवाली कन्या निजली. तिच्या अंगावर चादर टाकून मी बसलो. वनमजूर हळूच म्हणाला, "साहेब, तुम्हीही पडा. मी हाय."

मी मान हलवली आणि बसून राहिलो.

तीन वाजून दहा मिनिटांनी समोरच्या गवतात खुसफूस झाली. एक मोठी मादी, मागे दोन, मागे पिलांची रांग. रानडुकरे. पाण्यात शिरून त्यांनी जो चिखल केला, त्यावरून मला ओढ्याकडची ज्वारी दिसली. हात नकळत डबा चाचपू लागला. मी दोनदा मोजली, तक्त्यावर अकरा लिहिले. कन्येला हलवले.

"वाघ?"

"नाही, डुकरं."

"हं," म्हणून तिने कूस बदलली.

सकाळी उतरल्यावर मामांना फोन लावला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत.

"काय दिसलं रे?"

"डुकरं, मामा. अकरा."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ते हसले. "मंग या खेपेले जागा व्हता म्हन तू!"

तेहतीस वर्षांत त्यांनी त्या रात्रीचा विषय काढला तो एवढाच. दुपारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. डुकरांच्या त्रासाने मामांनी ज्वारी केव्हाच सोडली. पावसाळ्यात आता सोयाबीन असते. कुंपणाच्या तारेला सूर्यप्रकाशावर चालणारे झटका मशीन जोडले आहे. रात्रभर ते टक्-टक् करते आणि कोणी जागत नाही. कडुनिंब आहे. कन्या त्याच्या दुबेळक्यात चढून बसली, आणि मामी खालून ओरडत राहिल्या, "उतर व बाई, भाकर निवून राह्यली!"