मर्यादित म्हणजे किती?

चि. बाळ,



मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी तू मराठीत करते आहेस तो आहाराचा कागद काल दोनदा वाचला. एका पानावर 'मर्यादित' आठ वेळा आलंय. पाणी मर्यादित, मीठ मर्यादित, फळं मर्यादित, चालणंसुद्धा मर्यादित. तुला प्रतिशब्द हवेत. ते पुष्कळ आहेत, पण आधी घरातली एक गोष्ट सांगते. तू तेव्हा लहान होतीस, तुला कोणी सांगितली नसेल.

तुझ्या काकांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा असाच एक छापील कागद आमच्या हाती आला होता. 'द्रवपदार्थांचे सेवन मर्यादित असावे.' काका शिस्तीचे. रोज चार तांबे पाणी पिणारा माणूस दुसऱ्या दिवसापासून दोन तांब्यांवर आला. आपण मर्यादा पाळतोय असंच त्यांना वाटत होतं, आणि मलाही. मी पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, पण त्या वाक्यात मला काही खटकलं नाही. आठवड्याभरात पाय सुजले, रात्री आडवं झालं की धाप लागायची. मग डायलिसिसच्या ठिकाणच्या एका परिचारिकेने स्टीलचा पेला समोर ठेवला आणि सांगितलं, "दिवसभरात असे चार पेले. चहा, ताक, आमटी, सगळं यातच धरायचं." आम्ही रोज सकाळी चार पेले पाणी एका बाटलीत भरून ठेवायला लागलो. काकांनी चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकायचं. 'मोजून प्या' एवढ्या दोन शब्दांत जे कळलं असतं, त्यासाठी त्यांना आठ दिवस धापा टाकाव्या लागल्या.

तेव्हापासून 'मर्यादित' दिसलं की मी थांबते. हा शब्द रेघ आहे एवढंच सांगतो. ती कुठे आहे आणि कोणी आखली, हे सांगत नाही. तुमच्या इमारतीच्या पाटीवर 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असतं ना, तिथे मर्यादित काय आहे? संस्था नव्हे, सभासदांची जबाबदारी. संस्था बुडाली तरी घेणेकरी सभासदाच्या घरातली भांडी उचलून नेऊ शकत नाहीत, असा त्या शब्दाचा आधार आहे. रोज त्या पाटीखालून जाणाऱ्यांपैकी किती जणांना तो शब्द आपल्या रक्षणासाठी आहे हे माहीत असेल?

शब्दांची निवड करताना मी एक खूण पाहत असे, ती तुलाही देते. शब्दापुढे कोणतं क्रियापद येतं ते बघ. मर्यादा 'पाळतात'. ती पाळणाऱ्याच्या हातात असते. वडीलधाऱ्यांची मर्यादा 'ठेवतात', तिथे तर तिचा अर्थच आदर होतो. बंधन दुसरा घालतो, पण माणूस ते स्वतःहूनही घालून घेतो. निर्बंध 'लादतात', मग 'शिथिल करतात' किंवा 'उठवतात'. तिथे सत्ता आली. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 19 मध्ये स्वातंत्र्यांवरच्या निर्बंधांना 'वाजवी' हे विशेषण जोडलेलं आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाबतीत ते 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. त्या एका विशेषणामुळे निर्बंध न्यायालयात तपासता येतो. विशेषणांना मी इतकं का जपते, हे तुला यावरून कळेल. बंदी आणखी पुढची. 2020 मध्ये जमावबंदी आणि संचारबंदी यांतला फरक पोराबाळांनाही कळला होता: एकीत घोळका करायचा नाही, दुसरीत घराबाहेरच पडायचं नाही.

आणि 'हद्द' पाळली जाते असं कोणी म्हणत नाही. हद्द 'होते', नाहीतर माणूस हद्दपार होतो.

विशेषणांचं याहून नाजूक. तीच मर्यादा आवडली तर घर 'आटोपशीर', नावडली तर 'कोंदट'. कमी बोलणारा माणूस आपला असला तर 'मितभाषी', परका असला तर 'घुमा'. 'काटकसरी' आणि 'चिक्कू' यांच्या खर्चात कदाचित रुपयाचाही फरक नसेल, फरक बघणाऱ्याच्या मनात असतो. लेख 'मोजका' म्हटला की लेखक सुखावतो, 'त्रोटक' म्हटला की खट्टू होतो. पगार 'माफक' असतो तेव्हा मान शाबूत असते. 'तुटपुंजा' म्हटलं की कीव आली. हा 'माफक' अरबीतून आला, आणि त्याचा मुळातला अर्थ 'जुळणारा, मानवणारा'. म्हणजे जेवढं मानवतं तेवढं. अट 'काटेकोर' असली तर तिला मी मान देईन. 'जाचक' असली तर तिच्याविरुद्ध अर्ज लिहीन.

आता तुझ्या कागदाकडे येते. रुग्णाला 'प्रतिबंधित आहार' लिहू नकोस. पोलिसांनी पकडलेल्या गुटख्याच्या बातमीत तो शब्द शोभतो. आपल्याकडे 'पथ्य' आहे. पथ्यात काय टाळायचं हे जसं येतं तसं काय खायचं हेही येतं, म्हणून तर आपण आजाऱ्याचं 'पथ्यपाणी' करतो. एखादी गोष्ट लाभली की ती 'पथ्यावर पडली' म्हणतो. रोखून धरणाऱ्या शब्दांमध्ये इतकी माया असलेला दुसरा शब्द मला माहीत नाही. शीर्षकात तोच ठेव.

शहाळ्यासमोर मात्र तू 'मर्यादित' लिहिलंस तिथे मी लाल खूण केली आहे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा शहाळंच घेऊन येतो. ज्याच्या रक्तात पोटॅशियम वाढलंय त्याला ते धोक्याचं. तिथे 'वर्ज्य' लिही, ठळक अक्षरांत. गोड बोलण्याची ती जागा नाही. मिठापुढे 'बेताने' सुद्धा चालणार नाही, कारण प्रत्येक घराचा बेत वेगळा. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसालाही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही. त्यात लोणचं, पापड, चटणी आलीच. एवढं सगळं त्या ओळीत लिही. ओळ लांबली तरी चालेल. चालण्यापुढे 'दम लागेपर्यंत चालू नका' लिही, तिथे आकड्यापेक्षा ते लवकर कळतं.

रेघ नेमकी कुठे आहे हे दाखवणारी 'मर्यादा'ही आपल्याकडे होती. शिवकालीन पत्रांत शिक्का वर असे आणि मजकूर संपला की खाली लहान मोर्तब उमटवत. त्यावरूनच आपण 'शिक्कामोर्तब' म्हणतो. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर अक्षरं होती, 'मर्यादेयं विराजते'. त्या खुणेखाली कोणी एक शब्द घुसडला तर तो ग्राह्य नसे. पत्र कुठे संपलं याबद्दल वाचणाऱ्याला शंका राहत नसे. रुग्णालाही तेवढी खात्री हवी.

पाण्याचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, लघवी किती होते त्यावर डॉक्टर तो ठरवतात. म्हणून त्या ओळीत 'मर्यादित' खोडून रिकामी जागा सोड: 'दिवसभरात ____ पेले.' शेजारी पेल्याचं माप मिलिलिटरमध्ये छाप, आणि आमटी-ताक-चहा त्यातच धरा हे त्याच ओळीत येऊ दे. छापायला देण्याआधी प्रत मला पाठव. काकांचा तो पेला अजून माझ्या फडताळात आहे, त्यात पाणी ओतून मी माप ताडून बघेन.

तुझी,
मावशी