हवेचा हिशेब

कुंभार्ली घाटाचं तिसरं-चौथं वळण मागे पडलं असेल, आणि गाडीनं दम सोडला. मे महिन्याची दुपार, गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आंब्याच्या सहा पेट्या. चिपळूणला धाकट्या बहिणीकडे दोन दिवस राहून कराडला परतत होतो. पोफळी गेली, खरा चढ लागला, मी तिसऱ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून भस्सकन हवा सुटल्यासारखा आवाज आला. डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. त्यानंतर पाय तळापर्यंत नेला तरी गाडी उचलेना. दुसरा गिअर, मग पहिला, मागे ट्रकांची रांग, अशा अवस्थेत हेळवाक गाठलं.

मागच्या काचेतून पाहत असलेले आण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "काळा धूर सोडतीया बघ. हवा कमी पडतीया तिला."

आण्णांच्या विहिरीवर पंचवीस वर्षं किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. त्या इंजिनाला ना दिवा होता ना सेन्सर. धुराचा रंग पाहून ते आजार ओळखायचे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा राहून राहून येत असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा आत पाणी शिरतंय. लहानपणी मी हे ऐकलं होतं. पण त्या दुपारी माझं सगळं लक्ष त्या पिवळ्या दिव्याकडे होतं, धुराकडे नव्हतं.

हेळवाकला झाडाखाली गाडी लावली. ऑईलच्या किटलीचा लाल दिवा लागलेला नव्हता, तापमानाचा काटा मध्यावर होता. हे दोन्ही पाहणं फार महत्त्वाचं. लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची, कारण ऑईलचा दाब गेला की इंजिन काही क्षणांत जाम होऊ शकतं. पिवळा दिवा तितकी घाई करत नाही. बिघाड दिसला की इंजिनचा संगणक स्वतःहून ताकद कमी करतो, म्हणजे आणखी नुकसान न होता गाडी घरापर्यंत जावी. दहा मिनिटांनी गाडी पुन्हा चालू केली, तर दिवा तसाच होता, पण थोडा पिकअप परत आला होता. पाटणमार्गे सावकाश घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. त्यांनी स्कॅनर लावला, 'पी०२९९' असा कोड निघाला, बूस्ट प्रेशर सेन्सर बदलला, कोड पुसला आणि मजुरीसकट पाच हजारांवर बिल झालं. दिवा विझला होता. आठ दिवसांनी पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर तो पुन्हा लागला. तीच भस्सकन हवा, तोच काळा धूर. या वेळी सांगण्यात आलं की टर्बो गेला आहे, बहात्तर हजार रुपये लागतील.

"टर्बो गेलाय हे कुठल्या रीडिंगवरून कळलं?" मी विचारलं.

"मॅडम, कोडच तसा आलाय."

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. 'कोडच तसा आलाय' हे उत्तर मला रात्रभर टोचत राहिलं. तापमापीवर एकशे दोन आलं म्हणून डॉक्टर कुठला अवयव काढायला सांगत नाहीत. बहात्तर हजारांच्या सुट्या भागाआधी निदान एक मोजमाप तरी कुणीतरी दाखवायला हवं होतं.

मग मी त्या कोडचा अर्थ समजून घेतला. पहिलं अक्षर 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सर्व कंपन्यांच्या गाड्यांत सारखाच. तिसऱ्या जागेवरचा दोन इंधन आणि हवेशी संबंधित. आणि पूर्ण कोडचा अर्थ, टर्बोकडून जेवढा दाब अपेक्षित होता तेवढा मिळाला नाही. एवढाच. टर्बो खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही. दाब का मिळाला नाही, याची कारणं पाच-सात असू शकतात: पाइप फुटलेला, क्लिप सैल, व्हॅक्यूमची बारीक नळी चिरलेली, टर्बोचा दाब आवरणारी यंत्रणा अडकलेली, एअर फिल्टर तुंबलेला, सेन्सर खोटं बोलणारा, आणि सगळ्यात शेवटी खुद्द टर्बो.

नऊशे रुपयांना ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मागवला. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर आकडे दिसू लागतात. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हे सॉकेट सक्तीचं आहे. आपल्याकडे ते नंतर आलं, पण माझ्या २०१६ च्या गाडीत होतं आणि इतकी वर्षं मला त्याचा पत्ताही नव्हता.

आधी सेन्सरची परीक्षा घ्यायची ठरवली. चावी फिरवायची पण इंजिन सुरू करायचं नाही. अशा वेळी टर्बो थांबलेला असतो, त्यामुळे बूस्ट सेन्सरनं फक्त बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १०१ किलोपास्कल, आणि जसजसं वर जावं तसा तो कमी होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला बहिणीकडे सोडायचं होतं. हे गाडी चालवत होते, मी शेजारी मोबाइल घेऊन बसले. हेळवाकला थांबून चावी फिरवली, आकडा ९४. घाट उतरून चिपळूणच्या बाजारपेठेत पुन्हा तेच केलं, तर १००. सह्याद्री उतरताना दाब जितका वाढायला हवा, तितकाच सेन्सरनं दाखवला होता. तो बरोबर होता. पण हा तर नवा होता. जुना मी वर्कशॉपमधून मागून घेतला होता, डिकीतच पडून होता. परतल्यावर तोही बसवून पाहिला. दोघांचा आकडा एकच. म्हणजे पाच हजार रुपयांचा चांगला सेन्सर काढून चांगलाच सेन्सर बसवला होता.

चिपळूणहून परत चढताना खरी गोष्ट कळली. स्कॅनर दोन आकडे शेजारी शेजारी दाखवत होता, इंजिननं मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात आलेला दाब. सपाटीवर दोन्ही हातात हात घालून चालत होते. चढावर पाय दाबला की मागणी २०५ वर जायची आणि प्रत्यक्षातला दाब १३५ च्या आसपास अडखळायचा. त्याच क्षणी आरशात काळा धूर. एअर फिल्टरजवळचा दुसरा सेन्सर आत येणारी हवा मोजत होता, आणि त्या मापाप्रमाणे इंजिन डिझेल सोडत होतं. पण मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचतच नव्हती. वाटेत कुठेतरी गळत होती. आत हवा कमी, डिझेल पूर्ण. धूर काळाच येणार. आण्णांनी हेळवाकच्या अलीकडे सांगितलं होतं ते हेच.

हे सगळे आकडे वहीत उतरवून मी ओगलेवाडीच्या रस्त्याला एका मिस्त्रींकडे गेले. साठीचे गृहस्थ. पूर्वी ट्रॅक्टरची कामं करायचे. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि म्हणाले, "ताई, मग टर्बोला आत्ताच हात लावायचा न्हाई. आधी पायपा बघू."

गाडी रॅम्पवर घेतली, खालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. टर्बोपासून पुढच्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून पुन्हा इंजिनपर्यंत रबराचे जाड होज जातात. मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात आधी नुसतं पाहिलं. टर्बोतून येणाऱ्या हवेत ऑईलचा बारीक अंश असतो. होज जिथे गळतो तिथे तो अंश बाहेर येतो आणि त्यावर धूळ चिकटते. खालच्या वाकणावर असा एक काळा, ओलसर डाग होता. हात फिरवला तर बोटाला काहीच लागेना. मग त्यांनी फिल्टरच्या बाजूचं तोंड बंद करून कॉम्प्रेसरची हवा अगदी कमी दाबानं आत सोडली आणि त्या वाकणावर साबणाचं पाणी टाकलं. फेस उसळला. होज काढून उलटा दाबल्यावर चीर दिसली, चार सेंटीमीटर लांब, एका लोखंडी पट्टीवर घासून पडलेली.

ती चीर इतके दिवस सापडली नाही याचं कारण मला त्या वेळी स्पष्ट झालं. गाडी जागेवर उभी असताना टर्बो जवळजवळ दाब देतच नाही, तेव्हा रबराचे दोन्ही ओठ मिटलेले असतात. चढावर, भार घेऊन, आतला दाब बाहेरच्या दुपटीवर गेला की ते उघडतात. पाच माणसं आणि सहा पेट्या आंबे नसते, तर कदाचित तो दिवा आणखी दोन महिने लागला नसता. वर्कशॉपच्या सपाट फरशीवर इंजिन रेझ करून ही चीर कुणालाच दिसली नसती. तिला घाटच हवा होता.

नवा होज सोळाशे पन्नास रुपयांना आला. क्लिपा नव्या, मजुरी सहाशे. ज्या पट्टीवर घासत होता तिथे मिस्त्रींनी रबराचा तुकडा गुंडाळला. पुढच्या रविवारी पुन्हा कुंभार्ली. मागणी २०५, प्रत्यक्षात २०२. धूर नाही. आण्णांना जुना होज दाखवला तेव्हा त्यांनी चिरेत अंगठा घालून पाहिला आणि होज परत माझ्या हातात दिला.

ऑक्टोबरात दिवा पुन्हा लागला. या वेळचा कोड वेगळा, पी०४०१. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारा एक व्हॉल्व्ह असतो, ईजीआर. त्यामुळे सिलिंडरमधली उष्णता थोडी कमी राहते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी तयार होतात. त्या वाटेनं पुरेसा धूर जात नाही, असा या कोडचा अर्थ. मी वही घेऊन थेट मिस्त्रींकडे गेले. व्हॉल्व्ह खोलला तर आत काजळी आणि ऑईल मिळून डांबरासारखा थर. वाट करंगळीएवढी उरली होती. गाडीनं कित्येक आठवडे जो काळा धूर काढला, त्यातला काही याच वाटेनं आत फिरत राहिला होता. आधीच्या चिरेनंच दुसऱ्या दुखण्याची सोय करून ठेवली होती. क्लीनर मारून, ब्रशनं घासून, नवी गॅस्केट टाकून काम पंधराशेत झालं. त्या व्हॉल्व्हची वाट कायमची बंद करून देणारेही बरेच भेटतात. मी ते करू दिलं नाही. रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्या फुप्फुसांचा तो प्रश्न आहे.

आता कॉलेजात कुणाच्या गाडीचा दिवा लागला की मला विचारतात. एका सहकारी बाईंची नवी बीएस-६ डिझेल गाडी आहे. घर ते कॉलेज तीन किलोमीटर, तेवढाच प्रवास. तिचा काजळीच्या फिल्टरचा दिवा लागला. या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि तीन किलोमीटरांत इंजिन धड तापतही नाही. आम्ही दोघी महामार्गावर साताऱ्याच्या दिशेनं एका वेगात गेलो. नागठाण्याच्या अलीकडे दिवा विझला. त्यांनी आता ठरवून आठवड्यातून एकदा लांबची फेरी ठेवली आहे. ज्यांचं धावणं फक्त गावातल्या गावात आहे त्यांनी डिझेल गाडी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

एक गोष्ट मात्र हातची गेली, तिची हळहळ वाटते. कोड नोंदवताना गाडीचा संगणक त्या क्षणाचं चित्रही साठवतो: वेग किती, इंजिनचे फेरे किती, भार किती, तापमान किती. कुंभार्लीतल्या त्या दुपारचं चित्र गाडीत होतं. भार नव्वद टक्क्यांवर, वेग तीस-पस्तीसचा, असं काही त्यात दिसलं असतं, आणि बिघाड चढावरच होतो हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण वर्कशॉपमध्ये कोड पुसला आणि त्याबरोबर ते चित्रही गेलं.

म्हणून तुमच्या गाडीचा दिवा लागला आणि कुणी स्कॅनर घेऊन पुढे आलं, तर कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून मागा, त्या क्षणाचे आकडे लिहून मागा, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग घरी घेऊन या.